जिनाच्या भिंतीवरचं शुद्धलेखन

अमरावतीला कॉलेजात गेल्यापासून मला एक खोड लागली. कुठलीही पाटी दिसली की तिच्यातली चूक आधी दिसायची आणि मजकूर मागून. बडनेऱ्याच्या स्टेशनवर पाण्याच्या टाकीवर ‘पिन्याचे पाणि’ असं लिहिलेलं होतं. गाडीची वाट पाहत मी त्या टाकीसमोर उभा राहायचो आणि बोट आपोआप हवेत वेलांट्या काढायचं. पाणी प्यायचं राहून जायचं.

ही खोड भीतीतून आली, असं मला वाटतं. पहिल्याच महिन्यात वर्गात मी उभा राहून म्हणालो होतो, “सर, मले नाही समजलं.” मागची बाकं हसली. सर चांगले होते, त्यांनी फक्त हळूच ‘मला’ असं म्हटलं आणि पुढे शिकवू लागले. पण त्या दिवसापासून तोंडातून काही काढण्याआधी मी ते मनात एकदा लिहून पाहू लागलो. बोललेलं परत घेता येत नाही. लिहिलेलं खोडता येतं. म्हणून मी लिहिण्यालाच धरून राहिलो. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम मी कवितेसारखे पाठ केले. आणि नेमकं त्याच सुमारास नियम बदलले. ज्या न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांसाठी शाळेत छड्या खाल्ल्या, ते अनुस्वार बघता बघता गळून पडले. वर्गातल्या मुलांना त्याची गंमत वाटत होती. त्यांच्या घरी आजोबांची पुस्तकं होती, वडिलांची होती. एक नियम गेला काय, राहिला काय. माझ्या घरी मॅट्रिक झालेला मीच पहिला. मला वाटायचं, एवढ्या कष्टाने एक पायरी चढलो आणि आता तीच पायरी हलते आहे.

अशा मनःस्थितीत मी दिवाळीच्या सुटीत अकोल्याला घरी आलो.

माझे वडील जिनात तेलवाले होते. कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्याला आमच्याकडे नुसतं ‘जिन’ म्हणतात. वरच्या माळ्यावर यंत्रांची रांग असते. बाया त्यात कापूस सोडतात, एका अंगाने रुई निघते आणि सरकी खाली पडते. ही सगळी यंत्रं फिरतात ती खालच्या बोळातल्या एका लांबलचक शाफ्टवर. त्या शाफ्टला चाकं असतात आणि प्रत्येक चाकावरून एक पट्टा वर यंत्राकडे जातो. बोळ अरुंद, बुटका, दिवसाही अंधारा. वडील हातात लांब चोचीचा तेलाचा डबा घेऊन वाकून त्या बोळातून जायचे आणि प्रत्येक बेअरिंगला तेल द्यायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांवर रुई असायची आणि हाताला तेलाचा वास. मी लहानपणी सगळ्यांच्याच बाबांच्या हाताला तसा वास येतो असं समजत होतो.

त्या जिनात एक रीत होती. दुसऱ्या कुठल्या जिनात असेल तर मला ठाऊक नाही. ज्याच्यावर जिथे काही बेतलं, तो त्या जागेच्या भिंतीवर डांबराने पुढच्या माणसासाठी दोन शब्द लिहून ठेवायचा. ज्याच्यावर बेतलं त्यानेच लिहायचं, दुसऱ्याने नाही. कोणी सांगितलं म्हणून नाही की कोणी विचारलं म्हणून नाही. जिन्याच्या पायरीपाशी होतं, ‘ईथ पाय घसरते. माहा घसरला.’ सरकीच्या ढिगामागे होतं, ‘ईथी झोपू नोको दिवानजी मांगून येते.’ ते लिहिणाऱ्याची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली गेली होती, म्हणजे त्याच्यावरही बेतलंच होतं. वरच्या माळ्यावर एका यंत्राशेजारी नुसतं चित्र होतं, लांब वेणीचं, आणि वेणीवर एक फुली. ते बायांच्या मुकादमिणीने काढलेलं. तिला सगळे मावशी म्हणत. रोलरमध्ये तिची वेणी गेली होती. त्या दिवसापासून ती केस आखूड कापून त्यावर फडकं बांधायची.

आणि खालच्या बोळात, अगदी शेवटच्या चाकाशेजारी, माझ्या मोठ्या बाबांची ओळ होती.

मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडिलांच्या आधी तेलवाले तेच होते. चालत्या पट्ट्याजवळ तेल घालताना त्यांच्या सदऱ्याची बाही पट्ट्याने ओढली. हात कोपरापासून असा मोडला की परत सरळ झाला नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर आमच्या वस्तीत मोठ्या माणसांसाठी अक्षरांचा वर्ग निघाला होता आणि मोठे बाबा त्यात जायचे, पण तोवर त्यांनी पाटीवरच लिहिलं होतं. पाटीबाहेर त्यांनी आयुष्यात लिहिलेली ती एकच ओळ, आणि तीही डाव्या हाताने.

‘ईथी माहा हात गेला. तु जिता राय. पट्टा थाबु दे मंग तेल घाल.’

नंतर ते नांदगाव खंडेश्वरकडे आमच्या गावी जाऊन राहिले आणि तिथेच वारले. त्यांचा फोटो नाही. त्यांच्या नावचा कागदाचा तुकडासुद्धा आमच्या घरात नाही. वडील रोज ती ओळ पार करून शेवटच्या बेअरिंगपाशी जायचे. त्यांना अक्षर लावून लावून वाचता यायचं, पण ही ओळ ते वाचत नसत. तिच्यापाशी आले की डबा खाली ठेवायचे, वर इशाऱ्याची दोरी ओढायचे आणि पट्टा थांबेपर्यंत उभे राहायचे.

त्या वर्षी जिनाला नवे मॅनेजर आले होते. नागपूरकडचे, शिकलेले, सारखे घाईत असलेले गृहस्थ. सीझन सुरू होताच कारखान्यांचा इन्स्पेक्टर येणार होता. मी वडिलांना जेवणाचा डबा द्यायला गेलो असताना मॅनेजरांनी मला हाक मारली.

“तुम्ही कॉलेजात शिकता ना? विषय काय?”

“मराठी,” मी म्हणालो.

“मग बरंच झालं. या भिंती पाहा. परका माणूस येऊन पाहील तर काय म्हणेल? हे जरा शुद्ध करून द्या. नाहीतर मला सगळ्याला चुनाच मारावा लागेल.”

मी लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर माझे हात शिवशिवत होते. लहानपणापासून त्या भिंती मी पाहिल्या होत्या, पण कॉलेजातून आल्यावर मला त्या वेगळ्याच दिसत होत्या. प्रत्येक ओळ माझ्याकडे बघून मला हसते आहे असं वाटायचं. आणि शिवाय साहेबांनी चुन्याचं नाव काढलं होतं. शुद्ध केलं तर भिंत राहील, नाहीतर जाईल. मोठ्या बाबांची ओळ राहावी म्हणूनच मी हे करतो आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच खरंही नव्हतं.

चुना, डांबर आणि टोकाला चिंधी गुंडाळलेली काडी घेऊन मी जिन्यापासून सुरुवात केली. मावशी वरून उतरत होती. तिच्यामागे दोघी-तिघी बाया, पदर खोचलेल्या.

“काय करून राह्यला रे बाप्पा?”

“साहेबांनी सांगितलं. चुका दुरुस्त करतो आहे.”

“चुका? यहीच्या?” तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. “तुहा पाय घसरला काय इथं?”

“नाही.”

“मंग?”

बाया हसल्या.

“तुह्यं काय गेलं इथं, ते सांग आधी. गेलं असंन तं लिही. नसंन गेलं तं डबा दे तुह्या बापाले अन घरी जाय.”

“मावशी, नाहीतर साहेब चुना मारतील.”

“बरं. मंग माह्या येनीत काय चूक हाये, तेबी सांगजो. ऱ्हस्व काढली का दीर्घ?”

तेवढ्यात वडील खालून आले. ते म्हणाले, “लिहू द्या त्याले. साहेबानं सांगतलं हाये.” आवाज नेहमीसारखाच होता, पण मावशी त्यांच्याकडे पाहत बाजूने निघून गेली. वेणीच्या चित्राला मी हात लावला नाही. काय लावणार?

मी लिहीत गेलो. ‘येथे पाय घसरतो. माझा घसरला होता.’ ‘येथे झोपू नये. दिवाणजी मागून येतात.’ जुन्या ओळीवर चुना, तो वाळला की डांबर. अक्षर नीट येत होतं. प्रत्येक ओळ संपली की क्षणभर बरं वाटायचं आणि लगेच पुढची टोचू लागायची. बाया जाता-येता थांबून पाहायच्या, वाचता येणारी एखादी वाचून दाखवायची आणि सगळ्या ‘येतात’ या शब्दावर हसायच्या. दिवाणजींना एवढा मान त्या भिंतीने कधी दिला नव्हता. मीही हसलो, पण मला ते लागलं.

शेवटची ओळ मी टाळत होतो. वडिलांनीच विषय काढला. जेवणाच्या सुटीत, पट्टे थांबलेले असताना, आम्ही बोळाच्या तोंडाशी बसलो होतो.

“ते नाही केली तू अजून.”

“तशीच राहू द्यावी असं वाटतं.”

“काहून? त्यात चुका नाहीत काय?”

“आहेत.”

“मंग?” वडिलांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. “तुह्या मोठ्या बाबाले शुद्ध लिहाचं होतं. लिहून झालं तसं मले म्हणे, पाय रे, बराबर हाये का. मले काय समजते? मी म्हटलं बराबर हाये. त्याले समजलं होतं का मले काही समजत नाही. आता तू हायेस तं करून टाक.”

मग ते कंदील घेऊन माझ्यासोबत बोळात आले. मी चुना लावला तेव्हा त्यांनी कंदील थोडा बाजूला धरला. मग मी डोळ्यांसमोर येईल असं वर लिहिलं: ‘येथे माझा हात गेला. तू जिवंत राहा. पट्टा थांबू दे, मग तेल घाल.’ वडिलांनी एकेक अक्षर जोडत ते वाचलं. ‘जिवंत’पाशी त्यांना थोडा वेळ लागला.

“अक्षर चांगलं हाये,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर पाहायला आले. जिन्यापासून वाचत वाचत ते पुढे गेले आणि मी त्यांच्या मागे. सुरुवातीला ते मान हलवत होते. “वा, छान. स्वच्छ.” मग त्यांचं वाचणं हळू झालं. ‘या यंत्रात माझी दोन बोटे गेली’ ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. खालच्या बोळात आम्ही पोहोचलो तेव्हा वडील तिथेच होते. साहेबांनी कंदील जवळ घेऊन शेवटची ओळ वाचली.

“हा कोणाचा हात?” त्यांनी विचारलं.

“माह्या भावाचा, साहेब.”

“केव्हा गेला? याची कुठे नोंद झाली होती? वरती कळवलं होतं कोणी?”

वडिलांनी मान हलवली, नाही म्हणून.

“आणि ती बोटं?”

साहेबांनी रुमाल काढून मान पुसली. ते माझ्याकडे वळले. ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते, हे मला कंदिलाच्या उजेडातही दिसलं.

“अहो, पूर्वी हे मी वाचलंच नव्हतं. वाचण्यासारखं आहे असंच वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांत कोणीच वाचलं नसेल. आता इन्स्पेक्टर येईल आणि सरळ वाचत जाईल. तुम्ही काम फार चांगलं केलंत.” मग वडिलांना म्हणाले, “उद्या सकाळी सगळीकडे चुना मारून घ्या. या बोळात बाहेरचा माणूस पाठवता येणार नाही, इथलं तुम्हीच मारा.”

मी तिथे उभाच राहिलो. ज्यांनी वाचायचं त्यांना वाकडंतिकडंही वाचता येत होतं. मी ते सरळ करून दिलं, ते वाचून पुसायला लावणाऱ्यांसाठी.

सकाळी वडिलांनी बोळात चुना मारला. मी बादली धरली होती. ते दुसऱ्या टोकापासून येत येत शेवटच्या चाकापाशी आले, कुंचला बुडवला आणि एका हाताने भिंतीवर टेकून ती ओळ झाकली. एकदा मारून डांबर दिसत होतं, म्हणून दुसऱ्यांदा मारलं. मला वाटलं ते मला काही म्हणतील. त्यांनी फक्त बादली मागे घे म्हणून हाताने खूण केली.

इन्स्पेक्टर आले ते जाडसर, शांत गृहस्थ होते. वर माळ्यावर गेले, खाली बोळाच्या तोंडाशी वाकून पाहिलं आणि ऑफिसात चहाला बसले. मी अंगणात कापसाच्या बैलबंड्यांपाशी उभा होतो. जाऊन सांगावं, असं मनात येत होतं. काय सांगावं? भिंत कोरी होती. वडील जिनाच्या दारात उभे होते आणि माझ्याकडे पाहत होते. त्यांनी मान हलवली नाही, पण नजरही काढली नाही. माझं बोट सदऱ्याच्या खिशावर काहीतरी लिहीत होतं. इन्स्पेक्टरची जीप गेली.

पुढचे दिवस वाईट गेले. सीझन जोरात होता, अंगणात रोज बंड्या लागत होत्या आणि मॅनेजरांना पट्टा थांबवणं परवडत नव्हतं. तेल देताना दरवेळी इशारा करायचा नाही, चालत्यावरच द्यायचं, असं त्यांनी तोंडी सांगितलं. मी डबा घेऊन गेलो की बोळाच्या तोंडाशी बसून राहायचो. वडील वाकून आत जाताना दिसायचे. त्या पांढऱ्या भिंतीशी त्यांचा हात वर दोरीकडे जायचा आणि तसाच खाली यायचा. मग ते चालत्या पट्ट्याखाली डब्याची चोच पुढे करायचे. मी त्यांच्या बाहीकडे पाहत राहायचो. घरी पुस्तक उघडलं तरी मला पानावर बाहीच दिसायची. एकदा मी म्हणालो, “बाबा, थांबवत जा ना.” ते म्हणाले, “आधी त्यानं सांगतलं होतं म्हून थांबवत होतो. वरून कोनी बोललं तं भिंतीकडे बोट दाखवत होतो. आता कोनाकडे दाखवू?”

एका दुपारी मी गेलो तेव्हा मावशी वरच्या माळ्यावर यंत्राशेजारी उभी होती, हातात डांबराची काडी. पांढऱ्या भिंतीवर नवी वेणी होती, आधीपेक्षा लांब. ती फुली मारत होती.

“साहेब पाहतील,” मी म्हणालो.

“पाहू दे. येनी हाये. येनी काय बोलते? अन इन्स्पेक्टर गेला ना, आता साहेब लोक पुढच्या सालीच वाचतीन.” तिने काडी माझ्यापुढे धरली. “तुह्या मोठ्या बाबाचं बोळातलं लिही.”

“मी कसं लिहिणार? तूच म्हणाली होतीस, ज्याचं गेलं त्यानं लिहायचं.”

मावशीने माझ्याकडे नीट पाहिलं. “आता तुह्यं काहीच नाही गेलं काय इथं?”

मी काडी घेतली.

बोळाच्या तोंडाशी वडील होते. मी काय करणार ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी दोरी ओढली आणि पट्टा थांबला. वरून कोणीतरी ओरडलं, “काहून थांबवलं रे?”

“काय लिहिलं होतं ते आठवते तुले?” त्यांनी विचारलं. “मले ‘हात गेला’ अन ‘जिता राय’, एवढंच आठवते. बाकी त्याचे शब्द नाही येत.”

मला सगळं आठवत होतं. प्रत्येक ओळीतली प्रत्येक चूक मला पाठ होती, कारण तीच तर मला टोचत होती. बाकीच्यांना अर्थ आठवत होता. मला ‘ईथी’ आठवत होतं, ‘तु’ आठवत होतं, ‘थाबु’वर नसलेला अनुस्वार आठवत होता. पाहिजे असतं तर मी दुसऱ्या कोणाचीही ओळ तशीच्या तशी काढली असती, घसरलेल्या पायाचीसुद्धा.

मी उभ्यानेच डोळ्यांसमोर काडी धरली आणि ‘ईथी’ लिहिलं.

“थांब,” वडील म्हणाले. त्यांनी कंदील खाली आणला, माझ्या छातीच्याही खाली. “इतक्या वरतं नव्हतं. त्याचा डावा हात, अन तवा त्याले उभं राहवत नव्हतं. बसून लिहिलं होतं त्यानं. इथं.”

मी वरचं अक्षर ओल्या हाताने पुसलं. त्याचा काळा डाग राहिला. मग मी चाकाशेजारी जमिनीवर बसलो. उजव्या हाताने अक्षर फार सरळ येत होतं, म्हणून काडी डाव्या हातात घेतली. वरून परत आवाज आला, या वेळी मॅनेजरांचा. वडील कंदील धरून उभे होते. ते म्हणाले, “लिही तू. पट्टा थांबला हाये.”